भिंतीवरचा तास

शाळेत चित्रकलेच्या मास्तरांना वर्षातून दोनदा मान मिळतो. एकदा स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा असतो तेव्हा, आणि एकदा तपासणीला साहेब यायचे असतात तेव्हा. एरवी आमचा तास म्हणजे शेजारणीने मागून नेलेली वाटीभर साखर. गणिताचा भाग राहिला, न्या चित्रकलेचा तास. इंग्रजीची उजळणी हवी, न्या चित्रकलेचा तास. नेलेली साखर परत येत नाही हे घरातल्या बाईला जसे ठाऊक असते, तसे आम्हालाही ठाऊक असते.

मुंबईच्या गिरणगावात असे तास उसने देत देत मी तीस-बत्तीस वर्षे नोकरी केली. जे तास वाट्याला उरले त्यांत काय शिकवले? स्थिरचित्रात एक तांब्या, त्याच्यामागे कापड आणि पुढे दोन फळे. स्मरणचित्रात पावसाळ्यातला रस्ता. संकल्पचित्रात एक कोयरी आणि तिला जोडून दुसरी कोयरी. मुले एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसत, पास होत, रंगपेटी माळ्यावर टाकत आणि पुढे बँकेत चिकटत. चित्राने माणसे बदलतात, समाज बदलतो, असे कोणी व्यासपीठावरून बोलू लागले की मी हळूच घड्याळाकडे पाहत असे.

२०२४ च्या दिवाळीत चिरंजीवांनी आम्हा दोघांना मेक्सिको सिटीला बोलावले, तेव्हाही चित्रे पाहायची म्हणून काही मी गेलो नाही. सौ. नातवासाठी गेली आणि मी सौ.च्या सामानासाठी.

पण पहिल्याच सकाळी बाजारात गेलो आणि परदेशी आल्याची भावना निम्मी ओसरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडूचे ढीग लागले होते. दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या आदल्या पहाटे लागतात तसेच, केशरी आणि पिवळे. आपल्या तोरणातला झेंडू मूळचा या मेक्सिकोचा. आपली मिरची इथली, सीताफळही अमेरिकेच्या याच पट्ट्यातले आणि चिकू तर नावासकट इथला. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरोघरी गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. त्या वर्षी आपले लक्ष्मीपूजन आणि त्यांचा हा सण नेमके एकाच दिवशी आले होते. सौ.ने घरात पणत्या लावल्या, तर शेजारच्या आजीबाईंनी त्या पाहून, आपल्यात कोण वारले म्हणून हळहळत विचारपूस केली!

* * *

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्हाला एक शाळा दाखवतो." मी म्हटले, "बाबा रे, निवृत्त झालोय मी." पण गेलो.

मेक्सिको सिटीचा मुख्य चौक म्हणजे सोकालो. समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर हे शहर वसलेले आहे. महाबळेश्वर त्याच्यापुढे ठेंगणेच. त्यामुळे चौक ओलांडेपर्यंत माझा श्वास चार वेळा शाळा सुटल्यासारखा पळाला. चौकामागच्या गल्लीत सान इल्देफोन्सो नावाची दगडी इमारत आहे. १५८८ साली जेझुइट पाद्र्यांनी इथे विद्यालय काढले. आजची इमारत बहुतेक अठराव्या शतकातली. पुढे तिथे राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालय भरू लागले. आपल्याकडे एकेकाळी इंटरमीजिएटपर्यंतचे कॉलेज असे, तसे म्हणा. ते तिथे १९७८ पर्यंत भरत होते. १९९२ पासून तिथे संग्रहालय आहे.

मधे चौक, भोवती तीन मजल्यांचे कमानीदार व्हरांडे. आपल्या जुन्या सरकारी शाळांची आठवण यावी अशी रचना. फरक इतकाच की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सुविचार लिहिलेले असत आणि इथे भिंती जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरल्या आहेत. जगभर गाजलेली मेक्सिकोची भित्तिचित्रांची चळवळ जिथे सुरू झाली, ती जागा म्हणजे हा शाळेचा व्हरांडा. कुठला राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे. मला आपले उगीच बरे वाटले.

झाले असे की १९१० ते १९२० अशी दहा वर्षे देशात यादवी चालली होती. तिच्यातून बाहेर पडलेल्या मेक्सिकोत लिहिता-वाचता न येणारी माणसेच फार. १९२१ साली होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाले. या गृहस्थांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, वाचनालये काढली, आणि त्याबरोबरच चित्रकारांना बोलावून सांगितले, "भिंती तुमच्या." ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला भिंत वाचता येईल, असा हिशेब. चित्रकारही असे की त्यांनी आपली कामगार संघटना काढली. दिवाणखान्यात टांगायची चित्रे श्रीमंतांसाठी. आम्ही काढू ती सर्वांसाठी, असे त्यांनी १९२४ च्या जाहीरनाम्यात बजावले.

काम अंगमेहनतीचे. अजिंठ्याच्या भिंतीला माती, भुसा यांचा गिलावा देऊन तो वाळल्यावर चित्रे काढलेली आहेत. इथे बहुतेक ठिकाणी उलट पद्धत. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन वायू शोषून घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा बसतो. पण त्याला सवड असते काही तासांचीच. म्हणून सकाळी गवंडी येऊन त्या दिवसापुरताच तुकडा लिंपणार आणि संध्याकाळच्या आत चित्रकाराने तो संपवलाच पाहिजे. खोडरबराला वावच नाही. राहिला तो तुकडा दुसऱ्या दिवशी खरवडून टाकायचा आणि पुन्हा गिलावा करायचा. आमच्या वर्गातल्या, कागदाला भोक पडेपर्यंत खोडणाऱ्या चिरंजीवांना हे शिक्षण द्यायला हवे होते.

या शाळेतले सर्वांत मोठे काम होसे क्लेमेंते ओरोस्को यांचे. एका हाताचा माणूस; डावा हात तरुणपणी दारूच्या स्फोटात गेला. याचे चित्रकलेचे पहिले शिक्षण कुठे झाले म्हणाल, तर रस्त्यात. लहानपणी शाळेला जाता-येता वाटेत पोसादा नावाच्या ठसे कोरणाऱ्या कारागिराची खोली लागे. हा पोसादा पैशा-दोन पैशांच्या बातमीपत्रांसाठी हसणारे सांगाडे, खून-दरोडे, राजकारण्यांची सोंगे कोरून देत असे. पोरगा खिडकीशी उभा राहून पाहत राही. शाळेला उशीर झाल्याबद्दल त्याला छड्या बसल्या की नाही कोण जाणे. पण आपल्या आत्मचरित्रात ओरोस्कोने चित्रांचे वेड लागल्याचे श्रेय त्या खिडकीला दिले आहे, शाळेला नाही.

१९२३ साली हा ओरोस्को या व्हरांड्यात चित्रे काढू लागला. त्याने देवादिकांची सुंदर चित्रे काढली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण त्याने खुशालचेंडू श्रीमंतांची थट्टा केली आणि आपला क्रूस आपणच मोडणारा ख्रिस्त रंगवला. शाळेतली पुष्कळशी मुले बऱ्या घरची. ती खवळली. १९२४ मध्ये त्यांनी या चित्रांवर दगड मारले, ती ओरबाडली. सरकारनेही चित्रकारांचीच रजा केली. ओरोस्को परत आला तो १९२६ मध्ये. त्याने आपली कितीतरी जुनी चित्रे पुसली आणि नवी काढली. संपाचे एक चित्र काढताना त्याने आधीच्या त्या ख्रिस्ताचे नुसते मस्तक तेवढे भिंतीवर राहू दिले. ते आजही तिथे आहे. एका चित्राच्या पोटातून दुसरे चित्र डोळे उघडून बघत असावे तसे.

मी तिथे फार वेळ उभा राहिलो. चिरंजीवांना वाटले मला चक्कर आली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

* * *

चक्कर नव्हती. एक जुनी गोष्ट आठवली होती. आजवर ती मी घरातही सांगितलेली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढच्या वर्षीपर्यंत आमच्या वर्गांचे पट निम्म्यावर आले. कोणी कोकणात गेले, कोणी साताऱ्याकडे. मुले मधल्या सुट्टीत डबा उघडण्याऐवजी नळावर जात. आणि मी फळ्यावर तांब्या आणि दोन फळे काढत होतो.

१९८३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. एका सोमवारी शाळेत आलो तर बाहेरच्या भिंतीपाशी गर्दी. आठवीतल्या एका मुलाने कोळशाने भिंतीवर चित्र काढले होते. गिरणीची चिमणी. मित्राच्या खांद्यावर उभा राहून काढली असावी, इतकी उंच. तिच्या तोंडाशी धूर नाही. खाली फाटक, आणि फाटकाहून मोठे कुलूप. फाटकासमोर पाठमोरी एक बाई, हातात डबा. बस्स.

ते चित्र चांगले होते. हे मला त्याच क्षणी कळले होते, आणि माझा गुन्हा काय असेल तर तो हाच. न कळून पुसले असते तर ती चूक ठरली असती. पण हेडमास्तर तापलेले, भिंतीवर राजकारण नको म्हणून वरून तंबी आलेली, आणि माझी नोकरी अजून कच्ची. मी त्या मुलाच्या हातात चुन्याची बादली आणि कुंचा दिला. म्हणालो, "तूच काढलेस, तूच पूस."

तो रडला नाही. उलट बोलला नाही. फक्त एवढेच विचारले, "सर, खालून लावू का वरून?"

एका हाताने कोळसा झाकत नाही. दोन हात द्यावे लागले. पुढच्या पावसाळ्यात चुना निघाला तशी चिमणीची रेघ पुन्हा अस्पष्ट दिसू लागली. तोपर्यंत मुलगा शाळा सोडून गावी गेलेला होता.

मेक्सिकोत विद्यार्थ्यांनी चित्रकाराची चित्रे ओरबाडली. माझ्याकडे चित्रकलेच्या मास्तराने विद्यार्थ्याचे चित्र पुसले. आणि ओरोस्कोला निदान दोन वर्षांनी परत बोलावले होते.

* * *

तिथून दोन पावलांवर शिक्षणमंत्रालयाची जुनी इमारत आहे. २०२४ मध्येच तिचे भित्तिचित्रांचे संग्रहालय झाले. दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात इथल्या दोन चौकांभोवतीच्या मजल्यांवर दोनशेहून अधिक चित्रे काढली. विणकर, खाणकामगार, उसाचे मळे, बाजार, सण. यांत एक चित्र खेड्यातल्या शिक्षिकेचे आहे. उघड्या माळावर बाई बसल्या आहेत. भोवती गोल करून म्हातारे, बाया, पोरे बसली आहेत. मागे घोड्यावर एक बंदूकधारी राखणीला उभा आहे. शाळेला भिंतच नाही, आणि तरी मला वाटते जगातली ही सर्वांत भक्कम शाळा असेल.

वरच्या मजल्यावर एका चित्रापाशी चिरंजीवांनी थांबवले. मेजाभोवती नाना वर्णांची माणसे बसली आहेत आणि मधला माणूस भाकर वाटून देतो आहे. हा चेहरा आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचा. गदर पक्षाचे क्रांतिकारक. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केल्यावर हिंडत हिंडत १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी मका आणि गहू यांच्या सुधारित जातींवर काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. रिव्हेराशी त्यांचा स्नेह होता. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळाली तर मिळाली. तिकडे मात्र शिक्षणखात्याच्या भिंतीवर ते शंभर वर्षे सगळ्यांना जेवू घालीत आहेत. सौ. चित्रासमोर उभी राहिली आणि तिने नकळत पदर सावरला.

माझ्यासारख्याला आणखी एक गोष्ट मोलाची वाटली. भिंती रंगत होत्या त्याच काळात प्राथमिक शाळांतल्या चित्रकलेच्या तासालाही नवे वळण मिळाले. आदोल्फो बेस्त मौगार्द नावाच्या चित्रकाराने देशातली जुनी मडकी, शिल्पे, नक्ष्या पाहून सात मूळ आकार निवडले: मळसूत्र, वर्तुळ, अर्धवर्तुळ, इंग्रजी एससारखे वळण, नागमोडी रेघ, नागमोडीचीच कोनदार बहीण आणि सरळ रेघ. एवढ्यावर मुलांनी काय हवे ते काढावे. युरोपातल्या पुतळ्यांच्या नकला करण्याऐवजी आपल्या आजीच्या घागरीवरची नक्षी वर्गात आली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रूफिनो तामायोनेही त्या काळात शाळांतून मुलांना चित्रकला शिकवली. सात स्वरांवर आपले सगळे गाणे उभे आहे हे ठाऊक असूनही, आपल्या रांगोळीतून असे सात आकार शोधावेत हे मला बत्तीस वर्षांत सुचले नाही.

पण भिंतीवर क्रांती रंगवली म्हणजे राज्यकर्ते शहाणे होतात असे नाही, हेही त्याच गल्लीत कळते. ३० जुलै १९६८ च्या पहाटे विद्यार्थ्यांची चळवळ मोडायला आलेल्या लष्कराने सान इल्देफोन्सोच्या अठराव्या शतकातल्या लाकडी दारावर बझूका डागली. आत भिंतींवर सरकारी खर्चाने काढलेली क्रांती, आणि बाहेर दाराच्या ढलप्या! त्या वर्षी कलाशाळांतली मुले रात्र-रात्र ठसे कोरून पत्रके छापीत आणि पहाटे शहरभर चिकटवीत. एकेकाळी चित्रांना दगड मारणाऱ्या शाळेच्या नातवंडांना आता बोलायला चित्रच उरले होते. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात त्यांच्यावर गोळीबार झाला. माणसे मेली. चित्रांनी गोळ्या अडवल्या नाहीत. पण काय घडले हे विसरूही दिले नाही.

* * *

मग आम्ही वाहाकाला गेलो. मोटारने सहा-सात तासांचा रस्ता, दोन्हीकडे पुरुषभर उंच निवडुंग. आपण कुंपणाला लावतो त्याच्या जातभाईची तिथे भाजी करतात. सौ.ने ती खाल्ली आणि "घेवड्याच्या जवळपास" असे प्रमाणपत्र दिले.

वाहाका हे गाव रंगीत बैठ्या घरांचे. इथल्या भिंती मोठ्या चित्रकारांना कोणी सरकारने दिलेल्या नाहीत. त्या पोरांनी घेतल्या. २००६ साली शिक्षकांचा संप झाला. शिक्षक गावच्या मुख्य चौकात तंबू ठोकून बसले होते. १४ जूनच्या पहाटे पोलिसांनी अश्रुधूर सोडून त्यांना हुसकले, आणि जो संप पगाराचा होता तो गावाचा झाला. शाळा महिनोन्महिने बंद. शाळा नाही म्हणून मुले भिंतीवर गेली म्हणा ना. जाड कागद कापून साचा करायचा, भिंतीला टेकवायचा, रंगाचा फवारा मारायचा, आणि पोलीस कोपऱ्यावर येईपर्यंत पसार. आपल्या बाया रांगोळीचा छापा मारतात तीच युक्ती. सकाळी सरकारी माणसे भिंत रंगवून टाकीत. रात्री त्या कोऱ्या रंगावर नवे चित्र. त्याच वर्षी या तरुण चित्रकारांनी आपली सभा स्थापन केली. आज गावात लाकूडठशांच्या कार्यशाळा जागोजाग आहेत. ठसा छापायचा, खळ लावायची आणि भिंतीवर डकवायचा.

एका गल्लीत शाळेची वीस-पंचवीस मुले फुटपाथवर बसलेली दिसली. गणवेश, दप्तरे, आणि गुडघ्यावर वही. समोर भिंतीवर मक्याचे कणीस हातात धरलेल्या म्हातारीचे चित्र, आणि बाजूला त्यांच्या चित्रकलेच्या बाई. मला राहवेना. चिरंजीवांना दुभाषी करून विचारले, "चित्राची नक्कल करताहेत का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही. आज चित्र काढायचे नाही. प्रश्न लिहायचे आहेत. हे चित्र कोणी काढले? कोणासाठी काढले? आणि या गल्लीत राहणारे कोण माणूस या चित्रात नाही?"

तिसऱ्या प्रश्नाने मी चपापलो. मग त्यांनी सांगितले, की शाळेच्या भिंतीवर मुलांनी काही काढायचे ठरवले तर आधी एक आठवडा रंगाला हात लावायचा नाही. त्या भिंतीपुढून जाणाऱ्यांना, तिच्या सावलीत बसणाऱ्यांना, समोरच्या घरांना विचारून यायचे. "घरात चित्र नको वाटले तर ते उतरवता येते. रस्त्यावरचे चित्र ज्याला रोज पाहावे लागते, त्याला आधी विचारायला नको का?"

"आणि लोकांनी नको म्हटले तर?"

"तर मुले एक मोठी गोष्ट शिकली," बाई म्हणाल्या, "आणि आमचा रंगही वाचला!"

त्याच गावचे थोर चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो. सप्टेंबर २०१४ मध्ये अयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातले ४३ विद्यार्थी नाहीसे झाले. उद्याचे खेड्यातले गुरुजीच ते. तोलेदोंनी त्यांच्या चेहऱ्यांचे ४३ पतंग करवले आणि ते मुलांच्या हाती दिले. मुलांनी ते वाहाकाच्या रस्त्यांवरून उडवले. संक्रांतीला आपण आभाळात जे पाहतो ते तिथे ४३ हरवलेल्या मास्तरांच्या तोंडांचे झाले. २०१९ मध्ये तोलेदो गेले. पोलीस भिंतीवरचे चित्र पुसू शकतात; आभाळाला चुना कोण लावणार?

* * *

परत आलो. आमच्या जुन्या भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई माझ्या विद्यार्थिनी. त्यांचा निरोप आला: "सर, कंपाउंडची भिंत रंगवायची आहे. तुम्ही नमुना काढून द्या, मुले रंग भरतील. विषय ठरलेत. झाडे लावा, पाणी वाचवा, आणि हसणारी पृथ्वी."

मी म्हटले, "पृथ्वी पुढच्या आठवड्यात हसवू. आधी मला सातवीचा वर्ग द्या." मुख्याध्यापिकाबाईंनी वर्ग दिला. तास मात्र, सांगायला नकोच, चित्रकलेचाच गेला.

मुलांना भिंतीपाशी बसणाऱ्या माणसांकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी मुले वह्या भरून आली. राखणदार म्हणाला होता, "देव काढा, म्हणजे लोक थुंकणार नाहीत." चांभारकाका म्हणाले होते, "झाडाचं चित्र काढून मला सावली मिळणार हाय का? खरं झाड लावा." (हे मी मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातले. आता तिथे करंजाचे रोप आहे.) आणि कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या आजी म्हणाल्या होत्या, "हितनं चिमणी दिसायची. ती काढा. पर माझ्या टोपलीच्या वर काढा, खालचा रंग घासून जाईल."

चिमणी सर्वांना पसंत पडली. चार मुलींनी कागदावर कच्चे चित्र काढून आणले. मी पाहिले आणि पाहतच राहिलो. सुरेख होते. तपकिरी पंख, काळी चोच, पायाखाली दोन दाणे.

चिमणी!

त्या मुलांचा दोष काय? समोर काचेचे उंच मनोरे उभे आहेत. धुराडे म्हणून एक चिमणी असते, तिच्या भोंग्यावर या वस्तीतली घड्याळे लागत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम ज्यांचे होते त्यांच्यातल्या एकाने तर चुना लावून ते बंद केले होते.

मी मुलांना घेऊन आजींकडे गेलो. आजींनी चित्र पाहिले आणि टोपलीला हात टेकून पोटभर हसल्या. मग डोळे पुसले. मालक गिरणीत कसे होते, पाळी सुटली की या रस्त्याने माणसांचा लोंढा कसा यायचा, संपात मंगळसूत्र कसे गेले, सगळे त्यांनी सांगितले. भाजीची गिऱ्हाइके थांबली. त्यांतले एक-दोघे आपले सांगू लागले. चित्रकलेचा तास संपल्याची घंटा झाली. ती कोणी ऐकली नाही, आणि त्या दिवशी गणिताच्या बाईंना आपला तास मागून घ्यायला स्वतः रस्त्यावर यावे लागले.

भिंतीवर आता दोन्ही चिमण्या आहेत. उंच धुराडे, आणि त्याच्या काठावर बसलेला पाखराचा जीव. धुराड्याची पहिली रेघ कोळशानेच काढायची, एवढा एकच हट्ट मी धरला. का ते मुलांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. आता या अंकात छापून येते आहे. तो आठवीतला मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कदाचित त्याच्या घरी दिवाळी अंक येत असतील.

शेवटच्या दिवशी रंग संपत आले तेव्हा एक पोरगी शिडीवरून ओरडली, "सर, चिमणीतून धूर काढायचा की नाही?"

मी तोंड उघडले आणि मिटले. म्हटले, "मला काय विचारता? आजींना विचारा."

हातातले कुंचे तसेच टाकून पोरे कोपऱ्याकडे धावली.